तक्त्यात एक रकाना कमी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला दालचिनीच्या जातींच्या पोषणमूल्यांचा तक्ता वाचला. भिंग घेऊन वाचला, कारण आकडे मुंगीच्या पावलांएवढे छापले आहेत. चमचाभर पुडीत 6 उष्मांक, दीड ग्रॅमच्या आत तंतू, 26 मिलीग्रॅम कॅल्शियम. कॅल्शियमसाठी दालचिनी कोण खातं हो? एक मोठा घोट दूध प्यायलं की तेवढं मिळतं. ज्या बाबतीत या जाती खरोखर वेगळ्या आहेत, त्या कुमारिनचा (दालचिनीतलं हे द्रव्य, जास्त झालं तर यकृताला त्रास देतं) रकानाच नाही! श्रीलंकेच्या दालचिनीत ते नावापुरतं असतं, कॅसियात, म्हणजे जाड सालीच्या दालचिनीत, ग्रॅममागे तीनेक मिलीग्रॅम सहज निघतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 0.1 मिलीग्रॅम धरली आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6. आता चौकटीतला ‘रोज सकाळी एक चमचा कोमट पाण्यातून’ हा सल्ला पुन्हा वाचा. चमचा अडीच ग्रॅमचा धरा आणि हिशेब तुम्हीच करा.

मला हा हिशेब उशिरा कळला. ह्यांना शुगर आहे. असंच कुठेतरी वाचून त्यांनी पाच महिने रोज चमचाभर पूड घेतली, आणि ती कुटून देणारी मीच. नेहमीच्या तपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताची तब्येत सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी आधी दारूचं विचारलं (जन्मात शिवले नाहीत, शिवाय राहतो गुजरातेत!), मग गोळ्यांचं, शेवटी ‘काढे-पुडी काही?’ दालचिनी बंद केली, तीन महिन्यांत आकडा उतरला. तिच्यामुळेच झालं असं डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण घरी येऊन डबा उघडला, तर आत जाड, एकाच पदराची, खलबत्त्यालाही दाद न देणारी साल. श्रीलंकेची कागदासारखी पातळ असते, पदरावर पदर गुंडाळलेली, बोटांनी चुरते. तुम्ही ‘श्रीलंकेची’ म्हणून जिचं छायाचित्र छापलंय, ती माझ्या डब्यातल्या सालीची सख्खी बहीण दिसते.

मांडवीजवळच्या दुकानात जाऊन पातळ सालीची मागितली, तर दुकानदार हसला. “तज तो तज ज होय ने, बेन!” त्याचं तरी काय चुकलं? गुजरातीत दोन्हींना तजच म्हणतात. सरकारी अन्नमानकांत मात्र कॅसिया म्हणजे तज आणि खरी, श्रीलंकेची, ती दालचिनी, अशी दोन नावं आणि दोन वेगळी मानकं आहेत. बडोद्यात राहून, दोन्ही भाषा रोज कानावर पडत असताना, लेखिकाबाईंना एवढं सुचू नये? आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली दालचिनीची ‘कोकण तेज’ जात? चीन-व्हिएतनाम फिरून आलेल्या तक्त्याला कोकणाची वाट सापडली नाही वाटतं.

गोडा मसाल्यात दोन काड्या पडल्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण औषधासारखी चमच्याने खायला सांगताय, तर कोणती ते आधी सांगा. छायाचित्राची दुरुस्तीही पुढच्या पुरवणीत छापावी, आणि जरा मोठ्या अक्षरांत.

आपली,
एक जुनी वाचक,
दांडिया बाजार, बडोदे

ता. क. : त्याच पानावरच्या शब्दकोड्याचं उत्तर दोन रविवार छापलेलं नाही. माझा उभा नऊ अजून अडलेला आहे.