वार गेली कुठे?

महोदय,
आईच्या पित्ताशयातले सात खडे डॉक्टरांनी डबीत घालून दिले. ती आल्यागेल्याला कौतुकाने दाखवते. पत्नीच्या बाळंतपणात मात्र आईने परसात पुरायला वार (बाळामागून बाहेर पडणारी प्लॅसेंटा) मागितली, तर सिस्टर खेकसल्या, "पिवळ्या पिशवीत गेली!" २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वार, कापलेले अवयव पिवळ्या पिशवीतून जाळायला जातात, हे मान्य. संसर्गाची भीती खरीच. पण मधुमेहाने पाय काढलेल्यांचे नातेवाईकही असेच दारात ताटकळतात. दाखल करतानाच चार शब्द सांगायला काय जाते? बाळाची गळलेली नाळ तेवढी आईने चांदीच्या ताइतात घातली आहे. ती आता कोणाला मिळायची नाही!

— एक वाचक, जुळे सोलापूर