अर्धा फोटो आणि मनीऑर्डरचे कुपन

लिस्बन,
१८ मार्च

तीर्थरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, "इतकी वर्षे झाली, आता तू तिथली झालीस की अजून पाहुणीच आहेस?" त्या वेळी मी काहीतरी बोलून विषय बदलला, पण प्रश्न मनातून गेला नाही. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून पत्र लिहीत आहे. आईचा नवा चष्मा अजून आला नसेल तर तुम्हीच तिला मोठ्याने वाचून दाखवा.

प्रवासवर्णने लिहिण्यासाठी मी या शहरात पहिल्यांदा आले, तेव्हा चार दिवसांत तीन लेख झाले होते. तेजू नदीच्या काठचा बेलेंचा बुरूज, जेरोनिमोच्या मठातले वास्को द गामाचे थडगे, आल्फामाच्या चढावर करकरत वळणारी २८ नंबरची ट्राम, १७५५ च्या भूकंपानंतर नव्याने आखलेले सरळ रस्ते, हे सारे मी मनापासून लिहिले होते आणि त्यात खोटे काहीच नव्हते. पण पाहुण्याला ओटीवर बसवून चहा द्यावा, तसे शहर प्रवाशाला वागवते. माजघर दिसायला तिथे राहावे लागते. मला ते माजघर पहिल्यांदा दिसले ते राहण्याच्या परवान्यासाठी लावलेल्या रांगेत.

त्या कचेरीबाहेर पहाटे पाचपासून माणसे उभी असत. माझ्या पुढे एक नेपाळी तरुण होता. दक्षिणेकडे ओदेमिराच्या बाजूला प्लास्टिकच्या मोठमोठ्या मांडवांखाली रासबेरीची शेती होते, तिथे तो फळे खुडायचे काम करीत होता. परवान्याचे कार्ड हातात नाही, आणि कार्डाशिवाय देश सोडला तर परत येऊ देतील याची खात्री नाही, म्हणून दोन वर्षांत तो आईला भेटला नव्हता. इथे बाहेरून आलेल्यांसाठी दोन शब्द वापरतात. अमेरिकेतून किंवा उत्तर युरोपातून लॅपटॉप घेऊन आलेला माणूस 'एक्सपॅट', आणि तो नेपाळी मुलगा 'इमिग्रांत'. २०१२ पासून पुढे बरीच वर्षे पोर्तुगालने पाच लाख युरोचे घर घेणाऱ्यालाही राहण्याचा परवाना दिला. घरांची ती वाट २०२३ मध्ये बंद झाली, पण जुन्या वस्त्यांतली भाडी तोवर हाताबाहेर गेली होती. दोघेही पोटासाठी नाहीतर सुखासाठी घर सोडून आलेले, तरी एकाच्या वाट्याला स्वागत आणि दुसऱ्याच्या वाट्याला रांग. हा भेद मला अन्यायाचा वाटतो, आणि परदेशातल्या जीवनावर लिहिणारे आम्ही लोक बहुतेक वेळा पहिल्याचेच गोडवे गातो, याची मला खंत आहे.

आपल्या माणसांना तिथे मान आहे का, असे तुम्ही विचारता. आंतोनियु कॉश्ता, ज्यांचे वडील मडगावच्या घराण्यातले लेखक होते, ते २०१५ ते २०२४ या काळात इथले पंतप्रधान होते. त्याच वर्षांत त्या रांगाही होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एवढेच मी सांगू शकते.

पण मला खरे सांगायचे आहे ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींविषयी. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात. पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा त्यांनीच सूप आणून दिले, आणि तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांच्याकडे जेवते. शुक्रवारपासून त्यांच्या ओट्यावर पाण्यात बाकाल्याउ, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा, भिजत असतो. दिवसातून तीनदा त्या पाणी बदलतात, आणि दर वेळी बोट बुडवून जिभेला लावतात. आई, सोडे भिजत घातल्यावर तू करतेस अगदी तसेच. या देशाचा जीव की प्राण असलेला हा मासा इथल्या समुद्रात मिळतच नाही, तो नॉर्वेसारख्या थंड मुलखातून येतो.

एका शनिवारी त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला आणि त्यातून एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. विशीतला तरुण, पांढरा शर्ट, वर बंद केलेली कॉलर. फोटो मधोमध फाडलेला होता आणि मागून चिकटपट्टी लावून जोडलेला. फाटलेली रेघ कपाळापासून निघून नाकाच्या कडेने कॉलरच्या गुंडीपर्यंत आली होती. पट्टी पिवळी पडली होती, त्यामुळे चेहऱ्याच्या दोन बाजूंचे रंग वेगवेगळे दिसत होते. ते त्यांचे यजमान.

१९६० च्या दशकात सालाझारची हुकूमशाही होती, खेड्यांत दारिद्र्य होते, आणि १९६१ पासून आफ्रिकेतल्या वसाहतींत सुरू झालेल्या युद्धासाठी तरुणांची सक्तीने भरती होत होती. पासपोर्ट सहजासहजी मिळत नसे. म्हणून हजारो पोर्तुगीज चोरवाटेने स्पेन ओलांडून, पिरेनीजचे डोंगर चढून फ्रान्सला जात. त्याला ते 'आ साल्तु', म्हणजे उडी मारून जाणे, म्हणत. वाटाड्याला सगळे पैसे आधी देत नसत. निघताना फोटो फाडून एक तुकडा घरी ठेवायचा, दुसरा स्वतःजवळ. सुखरूप पोहोचल्यावर तो तुकडा घरी पाठवायचा. दोन तुकडे जुळले की घरचे लोक उरलेली रक्कम चुकती करीत. आजींकडे तो तुकडा यायला सत्तेचाळीस दिवस लागले. पुढे त्याही पॅरिसला गेल्या, एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत राहून जिने पुसले, टपाल वाटले. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये सात लाखांहून अधिक पोर्तुगीज झाले होते, आणि त्याआधी, साठच्या दशकात, पॅरिसजवळ शाँपिन्यीला त्यांची पत्र्या-फळ्यांची मोठी झोपडपट्टी होती. "आम्हालाही तेव्हा कोणी एक्सपॅट म्हटले नाही," असे त्या शांतपणे म्हणाल्या.

तो डबा पाहताना मला आपल्या फडताळातला डबा आठवला. बाबा, तुम्ही १९७१ साली रेवसच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलात आणि परळच्या एका खोलीत बाराजणांत राहिलात, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण ते मी कधी 'प्रवास' म्हणून ऐकले नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर तुम्ही रेवदंड्याला परत आलात, आणि मग मी झाले. आई, तुझ्या डब्यात त्या अकरा वर्षांतल्या मनीऑर्डरींची कुपने आहेत, आणि संदेशाच्या त्या इवल्याशा जागेत बाबांच्या अक्षरात "खुशाल आहे, काळजी नसावी" एवढेच लिहिलेले. मी दोन डझन देश पाहिले, त्यांच्यावर लिहिले, आणि घरातल्या या प्रवासाविषयी एक ओळही विचारली नाही. याचे मला फार वाईट वाटते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देते. मी इथली झालेली नाही, आणि पाहुणीही राहिलेली नाही. कोर्लईच्या बायका रेवदंड्याच्या बाजारात भाजी विकताना आपापसांत जी पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलत, तिच्यातले कितीतरी शब्द इथे कानावर पडतात आणि क्षणभर मी खाडीच्या कोणत्या तीरावर आहे ते कळत नाही. आजी किल्लीला 'शाव्ह' म्हणतात, मी चावी म्हणते, आणि त्यांच्या घराची एक चावी आता माझ्याकडे असते. मला वाटते, मी परळच्या त्या खोलीतल्या तुमच्यासारखी आहे: काम इथे, शेजार इथे, आणि फोटोचा अर्धा तुकडा तुमच्यापाशी.

एक विनंती आहे. परळच्या पहिल्या वर्षाविषयी मला सविस्तर सांगा. खानावळ कुठली होती, पाळी किती वाजता सुटे, पहिली मनीऑर्डर कितीची केलीत, घरची आठवण आली की काय करीत होतात. आई, तूही तुझ्या बाजूने सांग, कारण पोस्टमनची वाट तू पाहिली आहेस. मला ते लिहून काढायचे आहे.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी इकडची घड्याळे एक तास पुढे जातील आणि आपल्यातले अंतर साडेचार तासांवर येईल. तेव्हा त्या दिवसापासून मी तुमच्या रात्री आठला फोन करीन. जेवणे थोडी लवकर उरकून घ्या, आणि डबा खाली काढून ठेवा.

तुमची लेक