सुट्टीतील प्रवासखर्चाबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मे महिन्यात गावी अथवा कोकणात जाणाऱ्यांनी खासगी बसचे सुट्टीतले वाढीव दर मोजण्यापूर्वी एसटीच्या सवलती अवश्य विचारात घ्याव्यात. वयाची ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत असून, ६५ ते ७५ वयोगटातील सभासदांना, तसेच मार्च २०२३ पासून सर्व महिलांना, निम्मे तिकीट पडते. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच असल्याने पणजीस जाणाऱ्यांना सीमेवरील बांद्याच्या पुढचे भाडे पूर्ण द्यावे लागेल, हे लक्षात ठेवावे. वयाचा पुरावा जवळ बाळगावा. गतवर्षी आपल्याच एका सभासदाचे आधार कार्ड घरी कपाटात राहिले आणि वाहकाशी हुज्जत घालूनही शेवटी पूर्ण तिकीट काढावे लागले. (वाहकाचे काही चुकले नव्हते.)

रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली असल्याने तेथे बचत होते ती वेळेवर केलेल्या आरक्षणानेच. आरक्षण आता १२० नव्हे, तर ६० दिवस आधी खुले होते. परतीचे तिकीटही त्याच हिशेबाने काढावे, अन्यथा तत्काळचे जादा शुल्क भरण्याची वेळ येते.

— सचिव