आखाती नोकरीच्या जाहिरातीत परवाना क्रमांक हवाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या दोन-तीन महिन्यांपासून आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘दुबईसाठी वेल्डर, स्टील फिक्सर, हेल्पर त्वरित पाहिजेत, राहणे-खाणे मोफत, पासपोर्ट व फोटोसह भेटा’ अशा धर्तीचा मजकूर वरचेवर दिसू लागला आहे. खाली फक्त एक मोबाइल क्रमांक असतो. कंपनीचे नाव नाही, कार्यालयाचा पत्ता नाही, आणि ज्यासाठी हे पत्र लिहीत आहे तो एजंटचा परवाना क्रमांक तर नाहीच.

मी १९ वर्षे दुबईत जहाजदुरुस्तीच्या गोदीत स्टोअरकीपर होतो. त्यामुळे आमच्या भागातील कोणाचा मुलगा आखातात जायचा ठरला की घरची माणसे कागद दाखवायला माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीतला २२ वर्षांचा मुलगा आईला घेऊन आला. आपल्याच अंकातील जाहिरात पाहून त्याने फोन केला होता. वेल्डरच्या मदतनिसाचे काम, महिना १,२०० दिरहम पगार आणि एकूण खर्च ९० हजार रुपये असे ठरले होते. त्यांपैकी ४० हजार त्याने आईचे दागिने गहाण ठेवून रोख दिले होते. पावती मागितली तेव्हा त्या माउलीने पिशवीतून फोटो स्टुडिओचे एक पाकीट काढले. त्याच्या पाठीवर पेन्सिलीने ‘९०–४०, बाकी ५०’ एवढेच लिहिलेले होते. व्हिसाचा कागद मात्र रंगीत आणि देखणा होता. तो ६० दिवसांच्या भेटीचा होता, नोकरीचा नव्हे.

‘तिथे उतरलात की कंपनी व्हिसा बदलून देते’ असे एजंटने त्यांना सांगितले होते. कंपनीच्या मनात असेल तर ती बदलून देतेही, हे मी नाकारत नाही. पण नसेल तर भेटीच्या व्हिसावर काम करणारा माणूस तिथल्या कायद्याने गुन्हेगार ठरतो, पगार बुडाला तरी त्याला तक्रारीला जाण्याची धास्ती वाटते, आणि मुदत संपल्यावर दररोज ५० दिरहम दंड चढू लागतो. या मुलाला कबूल केलेला रोजचा पगार ४० दिरहम पडतो, हे त्याच पाकिटावर मी त्याला मांडून दाखवले.

वास्तविक १९८३ च्या उत्प्रवासन (नोकरीसाठी परदेशी जाण्याच्या) कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय, म्हणजेच परवान्याशिवाय, परदेशी नोकरभरती करताच येत नाही. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, घेता येतात, तेही पावती देऊन. शिवाय अमिरातीच्या कामगार कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मनाई केलेली आहे. मग हे ९० हजार कशाचे, हा प्रश्न त्या घरात कोणालाच पडला नव्हता. आमच्याकडे ‘व्हिसा विकत घेणे’ हा शब्दप्रयोगच इतका रुळला आहे की त्यात काही वावगे आहे असे वाटेनासे झाले आहे.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्यापूर्वी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो आणि अमिरातीसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना उत्प्रवास संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्या प्रक्रियेत करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये आहे. परंतु भेटीच्या व्हिसावर, परतीचे तिकीट हातात धरून निघालेल्या माणसाला ही मंजुरी लागत नाही आणि एजंट नेमका याच फटीचा फायदा घेतात. दुसरी गोष्ट अधिक विचित्र आहे. दहावीची गुणपत्रिका असलेला मुलगा या तपासणीतूनच सुटतो, मग तो तिथे कडक उन्हात सळ्या बांधायला का जात असेना. आमच्या भागातील बहुतेक मुले आता दहावी होतात, म्हणजे कागदोपत्री त्यांना संरक्षणाची गरजच उरलेली नाही!

सरकारने ही फट बुजवावी, हे खरे. पण त्याची वाट न पाहता आपल्याला एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे, आणि परवाना क्रमांक कार्यालयात व जाहिरातीत ठळकपणे दाखवणे एजंटकडून अपेक्षितच आहे. जाहिरात स्वीकारणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्याने तो क्रमांक मागावा, यादीत पाहावा आणि तो नसेल तर पैसे परत करावेत. याला पाच मिनिटेही लागणार नाहीत. ‘वाचकांनी स्वतः खातरजमा करावी’ ही पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली सूचना त्या मायलेकांनी वाचली नव्हती, आणि वाचली असती तरी खातरजमा कुठे करायची हे तीत लिहिलेले नाही.

त्या मुलाने जाणे तूर्त रद्द केले आहे. ४० हजार परत मिळालेले नाहीत आणि एजंट आता त्याचा फोन उचलत नाही. त्याचा तोच क्रमांक परवाच्या अंकात पुन्हा छापून आला आहे. या वेळी कतारसाठी प्लंबर हवे आहेत.

आपला,
एक नियमित वाचक, खेड (जि. रत्नागिरी)