पानं रुळांवर न लोटल्याबद्दल आभार

सप्रेम नमस्कार,

आपल्या शाखामार्गावरच्या या स्टेशनात ना स्टेशन मास्तर, ना तिकीट खिडकी. तरी फलाट नेहमी वापरण्याजोगा असतो, तो तुम्ही त्याची झाडलोट आणि देखभाल करता म्हणून. आम्हा सगळ्या प्रवाशांकडून तुमचे मनापासून आभार. झाडू कुणीही मारेल. कचरा कुठे लोटायचा नाही, हे तुम्हाला नेमकं ठाऊक आहे.

पानगळीत फलाटभर पानं साचतात. ती रुळांवर ढकलून मोकळं होणं सगळ्यात सोपं. तुम्ही मात्र ती मागच्या कुंपणाकडे ओढून पोत्यांत भरता. रुळावरची पानं चाकांखाली चिरडली की रुळाच्या माथ्यावर त्यांचा काळा, टणक, गुळगुळीत लेप बसतो. त्यावर दव पडलं की ब्रेक लावूनही चाकं घसरतात आणि गाडी फलाट सोडून पुढे जाते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, जिथे रुळांतल्या विजेच्या प्रवाहावरून गाडीची जागा कळते, तिथे चाक आणि रूळ यांच्यामध्ये हा लेप आला की सिग्नल यंत्रणेला गाडी दिसतच नाही. शाखामार्गावरच्या एक-दोन डब्यांच्या हलक्या गाड्यांना हा त्रास जास्त, कारण लेप फोडायला त्यांचं वजन अपुरं पडतं. केरातली मातीही तुम्ही खडीत जाऊ देत नाही. खडीत माती भरली की पाण्याचा निचरा थांबतो, गाडी जाताना रुळांखालचे आडवे स्लीपर वरखाली होतात, खालचा चिखल वर येतो आणि रूळ तिथेच खचतो.

फलाटाला रुळांपासून मागच्या बाजूला हलका उतार असतो, म्हणजे सुटलेली बाबागाडी रुळांकडे घरंगळत नाही. पण मग सगळं पाणीही मागेच जातं. गटाराची जाळी तुंबली की ते फलाटावर उभं राहतं आणि शेवाळ धरतं. पावसाआधी जाळी उचलून आतला गाळ काढायचं काम तुम्ही चुकवत नाही. निसरड्या जागी तुम्ही मिठाऐवजी जाड वाळू टाकता, हेही आम्ही पाहिलंय. मिठाने काँक्रीटमधली सळई गंजते आणि काठाचे टवके उडतात.

वेळापत्रकाच्या पेटीसाठी तर वेगळे आभार मानायला हवेत. तळाची भोकं मोकळी, कागद काचेपासून जरा मागे आणि लेझर प्रिंटरवर छापलेला. त्यामुळे आत वाफ धरली तरी अक्षरं फुटत नाहीत. जुना कागद मागे राहत नाही, ही फार मोठी सोय आहे. इथे विचारायला दुसरं कुणी नसतं.

हात दाखवल्यावरच थांबणाऱ्या गाडीचा वेग ताशी 60 किलोमीटर असेल, तर ती सेकंदाला जवळपास 17 मीटर पुढे येते. निवाऱ्याआड उभा माणूस चालकाला उशिरा दिसला, तर गाडी थांबायची कशी? निवाऱ्यावर झुकलेली फांदी तुम्ही फलाटाच्या बाजूने छाटलीत आणि रुळांकडच्या फांद्यांना हात न लावता रेल्वेला कळवलंत. अगदी योग्य केलंत.

टोकाचा दिवा हल्ली दिवसाही जळतो. उजेड ओळखणाऱ्या सेन्सरवर कोळ्याचं जाळं दाट झालेलं दिसतंय. कृपा करून शिडी लावू नका; खांबाचा क्रमांक देऊन आम्ही तक्रार नोंदवली आहे. आणि पानांची पोती न्यायला या वेळी आम्हाला हाक मारा.

आपले,
या स्टेशनाचे नेहमीचे प्रवासी