तपासणी चालकाला बसवून व्हावी

महोदय,

दिव्यांग व्यक्तींसाठी बदल केलेले वाहन तपासताना जादा चाके आहेत का, हँड कंट्रोल (हाताने ब्रेक आणि अॅक्सिलरेटर चालवायची सोय) बसवले आहे का, एवढेच बहुतेकदा पाहिले जाते. घात होतो तो मात्र नवा भाग जुन्या वाहनाला जिथे जोडलेला असतो तिथे, आणि तो दोष रिकाम्या, उभ्या वाहनात दिसत नाही.

साइड व्हीलची स्कूटर घ्या. मधले मूळ चाक ठेवून दोन्ही बाजूंना चाके जोडली, तरी इंजिनाची ओढ आणि मागचा ब्रेक मधल्या चाकावरच राहतो. जोडचाकांना सहसा ब्रेक नसतो. ती जरा खाली बसवली गेली किंवा मधल्या टायरची हवा कमी झाली, की वजन बाजूच्या चाकांवर सरकते. खोलगट जागी मधले चाक जवळजवळ अधांतरी होते. ब्रेक दाबला की ते जाम होते आणि गाडी मात्र पुढे जातच राहते. मग ब्रेक शू बदलले जातात, मूळ दोष तसाच! चाके फार वर बसवली तर गाडी एका कुशीवर कलते. म्हणून उंची जुळवायची ती चालकाला बसवून, ठरलेली हवा भरून, सपाट जमिनीवर. मोकळ्या गाडीवर केलेले माप चालक बसताच चुकते, कारण मागचा शॉकअॅब्सॉर्बर दबतो.

शिवाय ही गाडी वळणावर झुकू शकत नाही. सारा भार बाहेरच्या चाकावर आणि ते गाडीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर येतो. ब्रॅकेट जितका लांब, तितका मुळाशी पीळ जास्त. तडा बहुधा वेल्डिंगच्या कडेलाच जातो. चिखल पुसून पाहिल्यास रंगाखालून गंजाची बारीक रेघ दिसते. वेल्डिंगवर ताजा रंग फासलेला दिसला, तर आम्ही आधी तो खरवडायला सांगतो.

मोटारीच्या हँड कंट्रोलमध्ये ब्रेकचा दांडा पेडलच्या दांडीला क्लॅम्पने धरलेला असतो. हा क्लॅम्प हळूहळू फिरतो किंवा सरकतो. त्याचा लॉकनट (आपोआप सैल न होणारा नट) एकदा सोडला की नवाच घालावा, आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत. लिव्हरची चाचणी इंजिन चालू ठेवूनच घ्यायची. बंद इंजिनात पेडल कडक लागते, चालू असताना ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमुळे ते खोल जाते. मग लिव्हर डॅशबोर्डला किंवा चालकाच्या मांडीला अडते आणि पूर्ण ब्रेक लागत नाही. ब्रेक दाबताना अॅक्सिलरेटर ओढला जातो का, आणि हात सोडताच तो पूर्ण मागे येतो का, हेही पाहावे. पायांना आचके येत असतील तर पेडलवर आडोसा हवाच, आणि पायाखालची सुटी चटई काढून टाकावी. गुडघ्याजवळ एअरबॅग असलेल्या गाडीत दांडा तिच्या वाटेत आला, तर एअरबॅग उघडताना तोच दांडा चालकाच्या अंगावर येतो.

व्हीलचेअरवर बसूनच प्रवास करणाऱ्यांच्या गाडीत जोराचा अंदाज नेहमी चुकतो. व्हीलचेअरच्या आंतरराष्ट्रीय मानकातील धडक-चाचणी ताशी ४८ किलोमीटर वेगाची असते आणि झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० पट. १०० किलोची मोटरवरची खुर्ची त्या क्षणी दोन टनांच्या जोराने पुढे जाऊ पाहते. खुर्ची बांधायचे चार पट्टे तिच्या मुख्य सांगाड्यालाच लावावेत. चाकाला किंवा सुट्या पायटेकणीला नव्हे. माणसाचा पट्टा वेगळा, गाडीच्या सांगाड्याला बांधलेला हवा. तो खुर्चीच्या हात टेकायच्या दांड्यावरून गेला तर कमरेच्या हाडाऐवजी पोटावर बसतो. गाडीच्या तळावर पट्टे अडकवायच्या रुळात खडे-माती साठली की हूक लागल्यासारखा वाटतो, पण लागलेला नसतो.

आमची मागणी साधी आहे. बदल करणाऱ्या कारखान्याने बोल्टचे माप, घट्ट करण्याचा टॉर्क, जादा वजन आणि बसवल्याची तारीख लेखी द्यावी. तपासणी चालकाला बसवून, गाडी चालवून आणि ब्रेक दाबून व्हावी. अपघात झालेल्या गाडीतले पट्टे आणि क्लॅम्प वरून धड दिसले तरी दुसऱ्या गाडीत लावू नयेत. असे लावणे आज सर्रास होते.

आपले,
दिव्यांगांच्या वाहनांची दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ