काका, तुमच्या दोन सुतांबद्दल आभार (आणि माफी)

प्रिय काका,

हे व्हॉट्सॲपवर तुम्हाला एकट्याला पाठवलं असतं तर तुम्ही नेहमीसारखे हात जोडलेला इमोजी टाकून मोकळे झाला असतात, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. ताई वाचून दाखवेल, तुम्ही ऑपरेशन झालेला डोळा मोबाईलमध्ये घालू नका.

काल रात्री मी केलेल्या लाकडी पेटीतनं पहिल्यांदा रजया काढल्या. पेटी तशी सप्टेंबरातच झाली होती पण खरी झाली ती कालच. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला काय सांगायची, सकाळी पारा सहावर होता, आणि तुम्ही तिकडे इंदूरला लेकीकडे हाफ स्वेटर घालून बसला असाल, गुडघ्यांसाठी बरंच आहे ते.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरात जिन्याखाली स्कूटरची खोली आहे, स्कूटर विकली तेव्हापासून रिकामी. आईच्या चार रजया आणि आजीच्या दोन गोधड्या दरवर्षी दिवाणात कोंबायच्या आणि डिसेंबरात कुबट वासासकट बाहेर काढायच्या, याचा मला कंटाळा आला होता, तर मी म्हटलं त्या खोलीत एक लाकडी पेटी करू, स्वतः. आमचे हे म्हणाले ग्वाल्हेरच्या मेळ्यात, म्हणजे जत्रेत घेऊ की, 1905 पासून भरतोय मेळा, तिथे काय मिळत नाही, तू आपली बँक सांभाळ. यानंतर मला पेटी करणं भागच होतं.

आणि काका म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले. यांची नोकरी नॅरोगेजच्या डब्यांतली लाकडी बाकं दुरुस्त करण्यात गेली, तीच ती दोन फुटी रुळांवरची श्योपुरची गाडी, जेमतेम 200 किलोमीटरला अख्खा दिवस खाणारी, 2020 पासून बंदच आहे. मी यूट्यूब बघून कामाला लागलेय हे कळल्यावर काका कानामागे पेन्सिल खोचून आले आणि मग येतच राहिले.

काका, टालावर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, तुम्ही बरोबर नसता तर मी पहिल्याच दिवशी फसले असते. तो माणूस शिसमाच्या फळ्या स्वस्तात देत होता, कडेला पांढरा पट्टा असलेल्या, मला तर ती डिझाईनच वाटली. तुम्ही नखाने टकटक करून म्हणालात, हा भाग किड्यांचा नाश्ता आहे, आतलं तपकिरी घे. जास्त पैसे गेले तेव्हा जिवावर आलं होतं. चुलीचंही तसंच, तुम्ही चूल नीट बसव, चूल ढिली आहे म्हणत होतात आणि मला पहिले दोन दिवस डोळ्यासमोर स्वयंपाकघरच येत होतं, मग कळलं की आपल्या मराठीत ज्याला कुसू म्हणतात, खाचेत बसणारं लाकडाचं टोक, त्याला इकडचे मिस्त्री चूल म्हणतात. इतकी वर्षं ग्वाल्हेरात राहून हा शब्द माहीत नव्हता, लाजच वाटली.

आता मुद्द्यावर येते, मे महिन्याच्या.

चार पाय, मध्ये आडव्या पट्ट्या, आणि त्यांच्या खाचेत फळी. लांबी चार फूट. दोन्ही बाजूंच्या फळ्या मी तीन-तीन तुकडे जोडून केल्या होत्या, 16 इंच रुंद, लाकडाच्या रेषा उभ्या. तुम्ही बघितलं आणि म्हणालात, खाचेत दोन सूत जागा सोड, आणि फळीला फेविकॉल लावू नको, नुसती ठेव. ज्यांना सूत माहीत नाही त्यांना, आठ सुतांचा एक इंच, म्हणजे काका पाव इंच सोडायला सांगत होते. मी आठवडाभर रंधा मारून, गुण्या लावून लावून काटकोन तपासत ती फळी अशी बसवली होती की हलवली तरी आवाज नाही, आणि तुम्ही म्हणताय जागा सोड! तुम्ही समजावून सांगितलंत की लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही पण रुंदीत वाढतं, आत्ता 45 डिग्रीत हे वाळून पार आकसलंय, जुलैत फुलक्यासारखं फुगेल, मग बघ. आणि मी काय बोलले? काका, तुमच्या गाडीच्या बाकांना ढिलं काम चालत असेल, मला फिट पाहिजे.

तुम्ही काहीच बोलला नाहीत, चहा संपवलात आणि गेलात. मी चारी बाजूंनी फेविकॉल लावून क्लॅम्प आवळले.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झाडू मारताना बघितलं तर डाव्या बाजूला पाय आणि आडव्या पट्टीच्या मध्ये काळी रेघ. आधी वाटलं सावली आहे. दहाची नोट घेऊन सरकवली तर सरळ आत गेली. फळी फुगली होती, जागा नव्हती म्हणून तिने दोन्ही पाय बाहेर ढकलले होते, आणि मी इतकी घासून बसवलेली चूल खाचेतनं उपसून निघत होती. तिथेच फरशीवर बसून राहिले. तुम्हाला बोलवायचं तोंड नव्हतं, तीन दिवस खोलीचं दार लावून ठेवलं, चौथ्या दिवशी आमच्या यांनीच तुम्हाला सांगितलं, मला न विचारता.

तुम्ही आलात ते काकूंची इस्त्री घेऊन. मला वाटलं चुकून आणली. मग ओला फडका जोडावर ठेवून त्यावर गरम इस्त्री दाबून धरलीत, वाफेचा चुर्र आवाज, शिसमाचा आणि फेविकॉलचा मिळून एक विचित्र आंबूस वास, दोन मिनिटं, परत फडका ओला, परत इस्त्री, आणि मग लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकलंत तर जोड हळूहळू सुटला, एक ढलपी न निघता. उष्णता आणि ओल मिळाली की फेविकॉल सैल पडतो हे मला ठाऊकच नव्हतं, मी मनातल्या मनात पेटी आरीने कापून झाले होते. आपण अख्खा रविवार पेटीला इस्त्री करत होतो काका! फळी मोकळी झाल्यावर मी शहाणपणाने म्हटलं आता दोन सूत सोडते, तर तुम्ही म्हणालात नको, आत्ता पावसाळा आहे, फुगायची तेवढी फुगून झालीये, आता अर्धा सूत पुरे, आता ती आकसणार. वर आणि खाली मधोमध एकेक खिळी मारून घेतलीत, म्हणजे वाढली-आकसली तरी दोन्हीकडे सारखी. मे मधलं माझं बोलणं काढलं नाहीत. एक शब्द नाही. ऐकवलं असतंत तर बरं वाटलं असतं, खरं सांगते.

माफी ती हीच. सगळ्यांसमोर बोलले होते ना, म्हणून सगळ्यांसमोरच मागतेय.

बाकी मग पटापट झालं. झाकणाच्या आतल्या पट्ट्यांना स्क्रूची भोकं लांबट करायची, लाकडाला सरकायला जागा राहावी म्हणून, हे तुम्ही सांगायच्या आधी मी केलं होतं (तुम्ही बघितलंत, काही बोलला नाहीत, पण मी बघितलं की तुम्ही बघितलंत). बाहेरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, सात हात, आतून काही नाही, कारण बंद पेटीत वास कोंडला की कपड्यांना लागतो. लोहिया बाजारातनं मी ती छानशी पितळी कडी आणली होती, झाकण पडलं की आपोआप अडकणारी, ती मात्र तुम्ही लावू दिली नाहीत. पोरं लपाछपीत आत शिरतात, म्हणालात, आणि आतनं ती उघडत नाही. माझा पुतण्या दिवाळीत आला आणि अर्ध्या तासात पेटीत जाऊन बसला. तेव्हा झाकण साखळीवर उघडं होतं आणि कडी ड्रॉवरमध्ये होती, तरी माझे पाय लटपटले.

काल रजया काढल्या तर कुबट वास अजिबात नाही, ठेवायच्या आधी गच्चीवर दोन दिवस ऊन दाखवलं होतं, तुमच्या सांगण्यावरून कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला होता, त्याचा थोडा कडवट वास, बस. मग टॉर्च लावून डावी बाजू बघितली. फळी आकसलीये, कडेला पॉलिश न लागलेली केसाएवढी फिकट रेघ दिसतेय. जोडावर नोट सरकवून बघितली. जात नाही.

तुमचा गुण्या आणि खतकश (लाकडावर रेघ आखायचं अवजार) माझ्याकडेच आहेत, फेब्रुवारीत याल तेव्हा घेऊन जा. आणि काकूंना सांगा, त्यांच्या इस्त्रीला खालून चिकटलेला फेविकॉल माझ्याच्याने निघाला नाही, नवीन घेऊन ठेवलीये, पण जुनी मला द्या, टेबलाचं काम काढतेय.

तुमची,
मागच्या गल्लीतली